पन्नास तारांची भाषा

१९८३ साली आयबीएमच्या मूळ पीसीला हार्ड डिस्क जोडायची म्हटली आणि कंपनीच्याच वाटेने जायचं ठरवलं, तर आणखी एक डबा विकत घ्यावा लागे. जवळजवळ पीसीएवढाच, तसाच पत्र्याचा. नाव ५१६१ एक्स्पान्शन युनिट. पीसी उघडून एका मोकळ्या स्लॉटमध्ये एक कार्ड बसवायचं, त्याचं जोडीदार कार्ड त्या दुसऱ्या डब्यात, आणि दोघांच्या मध्ये जाडजूड केबल. दुसऱ्या डब्यात स्वतंत्र वीजपुरवठा, स्वतंत्र स्लॉट आणि १० मेगाबाइटची हार्ड डिस्क. आज फोनमधल्या तीन-चार फोटोंना पुरेल एवढ्या जागेसाठी टेबलाचा अर्धा भाग जात असे.

हा खटाटोप हौसेचा नव्हता. १९८१ च्या पीसीचा वीजपुरवठा अवघा ६३.५ वॉटचा होता. त्या काळातल्या जाडजूड डिस्कची मोटार त्यावर चालवणं म्हणजे घरच्या दिव्याच्या तारेवर पिठाची गिरणी चालवण्यासारखं. मार्च १९८३ मध्ये आलेल्या पीसी-एक्सटीत १३० वॉटचा पुरवठा आणि आत १० मेगाबाइटची डिस्क होती. पण ज्यांनी आधीचा पीसी घेतला होता त्यांच्यासाठी दुसरा डबा हाच उपाय.

वीज हे मात्र वरवरचं कारण. खरी अडचण अशी, की त्या काळच्या बहुतेक छोट्या हार्ड डिस्कना स्वतःचं डोकं नव्हतं.

कुणाला कोपऱ्यावरून भाजी आणायला सांगायचं, पण सांगताना प्रत्येक पाऊल आपणच मोजायचं, अशी कल्पना करा. उजवा पाय उचल, टाक, आता डावा, आता थांब, हात पुढे कर. संगणकातलं कंट्रोलर कार्ड डिस्कशी अगदी याच रीतीने बोलत असे. डिस्कच्या तबकडीवर वाचणारं टोक आत सरकवायचं तर कार्ड एकेक ठोका पाठवी आणि ठोके स्वतः मोजी. तबकडीवरून उचललेल्या चुंबकीय खुणा जशाच्या तशा केबलवरून कार्डापर्यंत येत, आणि त्यांतून शून्य-एक वेगळे करण्याचं कामही कार्डाचंच. त्यासाठी दोन चपट्या केबली लागत, एक ३४ तारांची, दुसरी २० तारांची. डिस्कमध्ये किती तबकड्या, किती टोकं, किती वर्तुळं हे सगळं कार्डाला आधी सांगून ठेवावं लागे. कार्ड बिघडलं आणि दुसऱ्या कंपनीचं बसवलं, तर जुन्या डिस्कवरचा मजकूर पुष्कळदा वाचताच येत नसे, कारण लिहिण्याची लकब कार्डाची होती. डिस्क बिचारी नुसती पाटी. अशी पाटी दूरच्या डब्यात नेऊन ठेवायची, तर संगणकाचा अर्धा मेंदूही तिच्यासोबत न्यावा लागणार. आयबीएमने तेच केलं होतं.

मोठ्या संगणकांच्या जगात हा प्रश्न बराच आधी सुटला होता. १९५६ मध्ये आयबीएमने सॅन होजेत बनवलेलं रामॅक हे यंत्र बाहेर आलं. २४ इंच व्यासाच्या ५० तबकड्या आणि त्यांवर ५० लाख अक्षरं. पुढे १९६४ च्या सिस्टम/३६० या मालिकेत डिस्क आणि टेपशी बोलण्यासाठी 'चॅनेल' नावाची वेगळी यंत्रणाच होती. मुख्य प्रोसेसर काम सांगून मोकळा होई, बाकीचं चॅनेल बघून घेई. पण त्या चॅनेलची किंमत बँका आणि सरकारी खाती यांनाच परवडणारी होती. टेबलावर मावणाऱ्या संगणकासाठी तीच सोय थोडक्या पैशात करायची, हा १९७० च्या दशकाच्या अखेरीचा प्रश्न होता.

इथे ॲलन शुगार्ट या माणसाची गोष्ट सांगायला हवी. १९५१ मध्ये पदवी घेतल्यावर ते लगेच आयबीएमला रुजू झाले आणि रामॅकच्या कामात होते. १९६९ मध्ये ते मेमोरेक्सला गेले आणि १९७३ मध्ये त्यांनी शुगार्ट असोसिएट्स ही कंपनी काढली. पुढच्याच वर्षी त्यांना स्वतःच्या नावाच्या या कंपनीतून बाहेर पडावं लागलं. मग सांताक्रूझच्या किनाऱ्यावर काही काळ त्यांनी बार चालवला, मासेमारीची बोटही घेतली. कंपनी त्यांच्याशिवाय चालत राहिली. १९७६ मध्ये तिने सव्वापाच इंची फ्लॉपीचा ड्राइव्ह आणला, १९७७ मध्ये झेरॉक्सने ती विकत घेतली. १९७९ मध्ये शुगार्ट परतले आणि फिनिस कॉनर वगैरे सहकाऱ्यांसोबत शुगार्ट टेक्नॉलॉजी नावाची नवी कंपनी उभी केली. नावावरून गोंधळ होणारच होता, म्हणून लवकरच तिचं नाव सीगेट झालं. १९८० मध्ये सीगेटने सव्वापाच इंची जागेत बसणारी ५ मेगाबाइटची एसटी-५०६ ही हार्ड डिस्क आणली. वर वर्णन केलेली दोन केबलींची पद्धत या डिस्कमुळेच सगळीकडे पसरली.

म्हणजे एकाच माणसाच्या नावाच्या दोन कंपन्या त्या वेळी दोन उलट दिशांना चालल्या होत्या. नव्या कंपनीने बिनडोक्याची स्वस्त डिस्क घरोघर पोचवली. जुन्या कंपनीत, शुगार्ट स्वतः तिथे नसताना, डिस्कला डोकं देण्याचं काम सुरू होतं. लॅरी बाउचर हे त्या कामामागचे प्रमुख अभियंता.

त्या कंपनीची निकड धंद्याची होती. तिला आपल्या डिस्क अनेक संगणक कंपन्यांना विकायच्या होत्या आणि प्रत्येक संगणकाची आतली रचना वेगळी. दहा तऱ्हेचे संगणक आणि दहा तऱ्हेच्या डिस्क असतील, तर प्रत्येक जोडीसाठी एक याप्रमाणे शंभर कार्डं तयार करावी लागतील. मध्ये एक सामाईक भाषा ठेवली तर वीस तुकड्यांत भागतं. प्रत्येक संगणकासाठी ती भाषा बोलणारं एक छोटं कार्ड, आणि प्रत्येक डिस्कपाशी ती भाषा समजणारा एक कंट्रोलर. बाउचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही भाषा घडवली. तिला शुगार्ट असोसिएट्स सिस्टम इंटरफेस, थोडक्यात सॅसी, असं नाव पडलं आणि १९८१ मध्ये ती जाहीर झाली.

तिच्यातली एक गोष्ट मला सगळ्यात मोठी वाटते. संगणकाने वर्तुळ, तबकडी, टोक यांचा हिशेब ठेवायचाच नाही. डिस्क म्हणजे शून्यापासून क्रमांक दिलेल्या खणांची एक लांबलचक ओळ, एवढंच त्याने धरून चालायचं. 'अमुक क्रमांकाच्या खणापासून तमुक खण वाचून दे', हा निरोप सहा बाइटांत मावे. तो खण कुठल्या तबकडीवर, टोक किती सरकवायचं, एखादी जागा खराब असली तर तिच्याऐवजी कोणती वापरायची, हे डिस्कपाशी बसलेल्या कंट्रोलरने पाहायचं. त्या सहा बाइटांत खणाच्या क्रमांकासाठी २१ बिट राखून ठेवले होते. ५१२ बाइटांचा एक खण धरला तर एक गिगाबाइटपर्यंतची डिस्क त्यात बसते. ५ मेगाबाइटची डिस्क ही चैन असताना या लोकांनी तिच्या दोनशे पट जागेची सोय करून ठेवली होती.

यातूनच कार्डाचं नावही बदललं. आपल्याकडे अशा कार्डाला सर्रास कंट्रोलर म्हणत, पण कंट्रोलर आता डिस्कपाशी गेला होता. संगणकात उरला तो दुभाषा, होस्ट अडॅप्टर. एका बाजूला संगणकाच्या स्लॉटची बोली आणि दुसऱ्या बाजूला ही नवी भाषा, यांच्यातला निरोप्या. निरोप्या हलका असला की डिस्क घराबाहेर ठेवता येते. केबलवरून आता चुंबकीय खुणांची कच्ची लहर जात नव्हती. तयार बाइट जात होते, आणि ते काही मीटर सहज जाऊ शकत.

बाउचर १९८१ मध्येच शुगार्ट असोसिएट्समधून बाहेर पडले आणि त्यांनी अडॅप्टेक ही कंपनी काढली. पुढची पंधरा-वीस वर्षं ही कार्डं म्हणजे अडॅप्टेक असं समीकरण झालं. दरम्यान शुगार्ट असोसिएट्स आणि एनसीआर या कंपन्यांनी सॅसी अमेरिकन मानक संस्थेच्या, म्हणजे एएनएसआयच्या समितीपुढे ठेवली होती. एका कंपनीची भाषा सर्वांची व्हायची तर तिला कंपनीचं नाव चालणार नव्हतं. १९८२ च्या सुरुवातीला नवं नाव ठरवण्यात समितीचा जवळजवळ अख्खा दिवस गेला असं सांगतात. अखेर स्मॉल कॉम्प्युटर सिस्टम इंटरफेस हे नाव मुक्रर झालं. त्याच्या आद्याक्षरांचा उच्चार 'सेक्सी' व्हावा असं बाउचरना वाटत होतं. समितीतले डाल ॲलन यांनी तो 'स्कझी' असा केला, आणि तोच जगभर रुळला. इंग्रजीत त्या उच्चाराचा एक शब्द आहे, अर्थ घाणेरडा किंवा कळकट. कुणी मुद्दाम निवडलं नसतं असं हे नाव टिकून राहिलं.

नाव ठरलं, पण मानकावर शिक्का बसायला १९८६ उजाडावं लागलं. एक्स३.१३१-१९८६ हा त्याचा क्रमांक. मधल्या काळात समितीने सॅसीवर बरीच भर घातली, आणि कॅन्ससमधल्या विचिटा इथल्या एनसीआरच्या केंद्रात ही भाषा एका चिपमध्ये बसवण्याचं काम झालं. खऱ्या अर्थाने ती स्वस्त झाली ती या चिपांमुळे.

शिक्का बसायच्या आधीच ती सामान्य माणसाच्या टेबलावर आली, आणि तिथे आणणारी कंपनी ॲपल होती. १९८४ चा मॅकिन्टॉश हा बंद डबा होता. स्लॉट नाही, आत हार्ड डिस्क नाही. मूठ धरायच्या खोबणीत इतके खोल स्क्रू, की उघडायला लांब दांड्याचा खास चावीसारखा स्क्रूड्रायव्हर लागे. साठवणीला फक्त ४०० किलोबाइटची फ्लॉपी. एक फाइल एका फ्लॉपीवरून दुसरीवर न्यायची तर फ्लॉप्यांची अदलाबदल करता करता माणूस मेटाकुटीला येई. जानेवारी १९८५ मध्ये जनरल कॉम्प्युटर कॉर्पोरेशनने हायपरड्राइव्ह नावाची १० मेगाबाइटची डिस्क आणली, ती जोडायला मॅक उघडून थेट प्रोसेसरच्या चिपवर तिचं कार्ड चिमट्यासारखं बसवावं लागे. त्याच वर्षी ॲपलने स्वतःची २० मेगाबाइटची डिस्क काढली. किंमत १,४९५ डॉलर, आणि जोडायची कुठे, तर फ्लॉपी ड्राइव्हच्या भोकाला. हार्ड डिस्कचा सगळा वेग त्या अरुंद बोळात अडकून पडे.

१६ जानेवारी १९८६ रोजी आलेल्या मॅकिन्टॉश प्लसच्या पाठीवर स्कझीचं बंदर होतं. बंद डब्याला बाहेरच्या जगाकडे उघडणारा तो पहिला रुंद दरवाजा. कार्ड बसवायला स्लॉट नव्हताच, म्हणून एनसीआरची ५३८० ही चिप मुख्य बोर्डावरच बसवली होती. मानकातला जोड ५० पिनांचा. ॲपलने जागा वाचवण्यासाठी २५ पिनांचा वापरला. हे कसं जमलं? पन्नास तारांपैकी प्रत्यक्ष संदेश नेणाऱ्या तारा फक्त १८ होत्या. आठ डेटाच्या, एक चूक पकडणारी, नऊ वाहतूक सांभाळणाऱ्या. उरलेल्यांतल्या बहुतेक जमिनीशी जोडलेल्या, शेजारच्या तारांची कुजबुज एकमेकींत मिसळू नये म्हणून. ॲपलने त्यांतल्या पुष्कळ गाळल्या. काम भागलं, पण पीसीच्या प्रिंटरचा जोडही दिसायला हुबेहूब तसाच असल्याने चुकीच्या भोकात चुकीची केबल घालण्याची सोय मात्र कायमची होऊन बसली.

या भाषेची वाहतूक कशी चाले ते थोडं थांबून पाहण्याजोगं आहे. एकाच केबलवर आठ जण बसू शकत. कार्ड एक आणि उपकरणं सात, प्रत्येकाला शून्य ते सात यांतला एक क्रमांक. आठच का, तर डेटाच्या तारा आठ. केबल मोकळी दिसली की ज्याला बोलायचं असेल तो आपल्या क्रमांकाची तार उचलून धरे, म्हणजे त्या तारेवर खूण करी. सगळे तारांकडे पाहत असत. दोघांनी एकदम तार उचलली तर मोठ्या क्रमांकाचा बोले, लहानाने निमूट हात खाली घ्यायचा. म्हणून सात हा क्रमांक बहुधा कार्डाचा. ना पंच, ना पुकारा करणारा, तरी शिस्त सांभाळली जाई. आणि ज्या डिस्कला वाचणारं टोक सरकवायला वेळ लागणार असेल, ती केबल सोडून बाजूला होई. तेवढ्या वेळात दुसरी डिस्क आपलं काम उरकून घेई. पहिलीची तयारी झाली की ती पुन्हा वर येऊन 'तुमचा खण तयार आहे' असं कळवी. चार डिस्क एका संगणकाला जोडून त्यांच्याकडून एकाच वेळी काम करून घेणं यामुळे शक्य झालं.

आणि मग टर्मिनेटर. विहिरीत हाक मारली की ती तळावर आदळून परत येते, तसा विजेचा संदेश केबलच्या उघड्या टोकावर आदळून मागे फिरतो आणि मागून येणाऱ्या संदेशात मिसळून त्याची नासाडी करतो. म्हणून केबलच्या दोन्ही टोकांना एकेक टर्मिनेटर लावायचा. आतल्या रोधांनी तो येणारा संदेश गिळून टाकतो. टोकांना दोन हवेत, मध्ये एकही नको. केबलची एकूण लांबी सहा मीटरच्या आत. नियम इतकाच, पण या एका नियमाने जगभरच्या माणसांच्या किती रात्री खाल्ल्या असतील!

त्यांतली एक माझी आहे. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पुण्यात नारायण पेठेतल्या एका अक्षरजुळणीच्या ठिकाणी मी दिवाळी अंकाच्या पानांसाठी बसलो होतो. सगळी पानं एका बाहेरच्या डिस्कवर होती. त्याच दिवशी साखळीच्या शेवटी नवा स्कॅनर जोडला होता, आणि त्यानंतर ती डिस्क मधूनच दिसे, मधूनच नाहीशी होई. एखादी फाइल उघडे, अर्धी वाचली की यंत्र गोठे. आम्ही केबली काढून घातल्या, क्रमांक बदलून पाहिले, डिस्कला कान लावून तिचा आवाज ऐकला. छापखाना सकाळी आठला उघडणार होता. पहाटे कुणाच्या तरी लक्षात आलं, की टर्मिनेटर अजून डिस्कच्या पाठीवरच आहे आणि स्कॅनर त्याच्या पलीकडे लोंबतो आहे. तो बोटाएवढा तुकडा काढून स्कॅनरच्या पाठीवर बसवला आणि सगळी पानं जागच्या जागी दिसू लागली. त्या क्षणी खोलीत जो हुंकार उमटला तो मला आजही ऐकू येतो. वर्षभराचं कुणाचं तरी लिखाण त्या तुकड्यावर अडलं होतं.

अक्षरजुळणी, चित्रं, ध्वनिमुद्रण, चित्रफितींचं संकलन, ही या भाषेची खरी माहेरघरं होती. जिथे फाइल मोठ्या आणि आतली डिस्क अपुरी, तिथे बाहेरच्या डब्यांची साखळी. सायक्वेस्टची ४४ मेगाबाइटची काढता-घालता येणारी काडतुसं जुळणीच्या ठिकाणाहून छापखान्यात जात-येत.

पीसीच्या बाजूला स्लॉट होते, म्हणून तिथे कार्डांचं राज्य. अडॅप्टेकची एएचए-१५४२ ही कार्डं ज्यांनी बसवली त्यांना पोर्ट ३३०, इंटरप्ट ११, डीएमए ५ हे आकडे अजून पाठ असतील. कार्ड हे आकडे घेऊन येई. साउंड कार्ड किंवा नेटवर्क कार्ड आधीच तिथे ठाण मांडून असेल, तर जंपरच्या इवल्या टोप्या चिमट्याने हलवाव्या लागत. कार्ड प्रोसेसरला त्रास न देता थेट मेमरीत डेटा नेऊन ठेवी, हे त्याचं मोठं बळ. पण पीसीवरची डॉस ही कार्यप्रणाली अजून वर्तुळ-टोक-खण याच हिशेबाने विचार करी. म्हणून कार्डावरच्या छोट्या प्रोग्रॅमला डॉसपुढे एक काल्पनिक डिस्क उभी करावी लागे. ६४ टोकं, प्रत्येक वर्तुळावर ३२ खण. अशी डिस्क प्रत्यक्षात कुठेही नव्हती. डॉसला ती खरी वाटे, आणि पलीकडे खऱ्या डिस्कला नुसता क्रमांक जाई. त्या हिशेबाची सीमाही पुन्हा एक गिगाबाइटच निघाली.

मग एवढी चांगली व्यवस्था सगळ्याच पीसींत का गेली नाही? पैसे. १९८६ च्या सुमारास कॉम्पॅक, वेस्टर्न डिजिटल आणि कंट्रोल डेटा यांच्या प्रयत्नांतून आयडीई नावाची पद्धत निघाली. तिने कंट्रोलर डिस्कवर नेला, हे स्कझीसारखंच. मात्र दुभाषा जवळजवळ काढून टाकला. केबल संगणकाच्या आतल्या बसला थेट जोडल्यासारखी. स्वस्त, सोपी, पण लांबी १८ इंचांची, केबलवर दोनच डिस्क, आणि डब्याबाहेर जायचं नाही. घरगुती पीसीला बाहेर जायचंच नव्हतं, म्हणून आतली जागा आयडीईने जिंकली. स्कझी कार्यशाळेत, स्टुडिओत आणि सर्व्हरमध्ये राहिली. किमतीतला हा फरक योग्य होता असं मला वाटत नाही. मोठ्या प्रमाणावर तिचं उत्पादन झालं असतं तर स्कझीही स्वस्त झाली असती. पण बाजार थांबला नाही.

पुढचा वेगाचा प्रवास झपाट्याने सांगता येतो. मूळ स्कझी सेकंदाला ५ मेगाबाइट नेई. १९९४ मध्ये मानक झालेल्या स्कझी-२ ने आदेशांतला कंपन्या-कंपन्यांतला फरक पुसला, वेग १० वर नेला आणि सोळा तारांची रुंद आवृत्ती दिली. मग अल्ट्रा, अल्ट्रा-२ असं करत २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत ३२० मेगाबाइट. जोड ५० पिनांचे होते ते ६८ आणि ८० पिनांचे झाले. तिथे मात्र निसर्गनियम आडवा आला. सोळा तारांवरून एकाच क्षणी निघालेले सोळा बिट पलीकडे एकाच क्षणी पोचतीलच असं नाही, आणि वेग वाढेल तसा हा थोडासा मागेपुढेपणाही परवडेनासा होतो. रांगेने एकेक बिट अतिशय वेगाने पाठवणं हाच मार्ग उरला.

तो मार्ग बाहेरच्या डिस्कसाठी दोन ठिकाणांहून आला. ॲपलच्या पुढाकाराने फायरवायर, १९९५ मध्ये मानक, सेकंदाला ४०० मेगाबिट. आणि जानेवारी १९९६ मध्ये यूएसबी. इंटेल, कॉम्पॅक, आयबीएम, मायक्रोसॉफ्ट, एनईसी, डीईसी आणि नॉर्टेल अशा सात कंपन्यांनी मिळून ती घडवली. इंटेलमध्ये तिच्या आखणीचं नेतृत्व करणाऱ्यांत अजय भट्ट होते. ते बडोद्याचे, आणि त्यांचं अभियांत्रिकीचं शिक्षण झालं ते महाराजा सयाजीराव गायकवाडांचं नाव धारण करणाऱ्या तिथल्या विद्यापीठात. कार्ड नाही, जंपर नाही, क्रमांक नाहीत, टर्मिनेटर नाही, संगणक चालू असताना केबल घाला आणि काढा. ज्याने स्कझीच्या रात्री काढल्या आहेत त्यालाच हे काय होतं ते कळेल.

१५ ऑगस्ट १९९८ रोजी आलेल्या आयमॅकमधून ॲपलने स्कझीचं बंदर काढून टाकलं. ज्या कंपनीने बारा वर्षांपूर्वी तिला घरात आणलं होतं तिनेच निरोप दिला. त्या वेळचं यूएसबी सेकंदाला १२ मेगाबिट, म्हणजे फार तर दीड मेगाबाइट. जुन्या स्कझीच्या निम्म्याहून कमी. चालू स्थितीतल्या महागड्या डिस्क आणि स्कॅनर असलेल्या लोकांना हा निर्णय लागला, आणि त्यांचं दुःख खरं होतं. २००० मध्ये यूएसबी २.० आलं, ४८० मेगाबिट, आणि मग मागे वळून पाहायचं कारण उरलं नाही. २००४ मध्ये आलेल्या ई-साटाने कार्ड आणि केबल यांची जोडी थोडा काळ पुन्हा जिवंत केली. वेग चांगला होता, पण त्या केबलीतून वीज जात नसे, आणि लोकांना आता एकाच केबलीची सवय लागली होती.

कार्ड गेलं, पन्नास तारा गेल्या. पण लॅरी बाउचर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी घडवलेली भाषा गेली नाही, आणि या इतिहासातली मला सर्वांत मोलाची वाटणारी गोष्ट हीच. आयडीईच्या केबलवर सीडी-रॉम बसवायची वेळ आली तेव्हा आयडीईकडे त्यासाठी शब्दच नव्हते, म्हणून तिच्यातून स्कझीचे आदेश पाकिटात घालून पाठवायची सोय करण्यात आली. आयोमेगाचा प्रिंटरच्या भोकाला लागणारा झिप ड्राइव्ह आत स्कझीच बोले. फायरवायरच्या डिस्क तीच बोलत. १९९९ मध्ये यूएसबीवरून डिस्क जोडण्याचे नियम ठरले, तेव्हा ३१ बाइटांचं एक पाकीट आखण्यात आलं आणि त्या पाकिटात ठेवला गेला तो स्कझीचा आदेश. पुढच्या वर्षी बाजारात आलेला ८ मेगाबाइटचा पेन ड्राइव्हसुद्धा याच पाकिटांतून बोलू लागला. लिनक्समध्ये आज कुठलाही पेन ड्राइव्ह लावा, त्याला एसडीने सुरू होणारं नाव मिळतं. ते एसडी म्हणजे स्कझी डिस्क.

भाषेबरोबर तिच्या मर्यादाही आल्या. सहा बाइटांचा आदेश अपुरा पडल्यावर दहा बाइटांचा आला होता, त्यात क्रमांकासाठी ३२ बिट, म्हणजे दोन टेराबाइटपर्यंतची जागा. २०१० च्या सुमारास तीन टेराबाइटच्या डिस्क आल्या आणि अनेकांच्या जुन्या यूएसबी डब्यांत त्या भलत्याच आकाराच्या दिसू लागल्या. नव्या डिस्कमध्ये दोष नव्हता. डब्यातल्या चिपेला दहा बाइटांपलीकडचा आदेश येत नव्हता.

मोठ्या संगणककेंद्रांत हीच भाषा फायबरवरून गेली, २००४ पासून आयस्कझी या नावाने साध्या नेटवर्कवरून जाऊ लागली. सहा मीटरांच्या आत राहायची सक्ती असलेली डिस्क आता दुसऱ्या शहरातही असू शकते. २०११ मध्ये थंडरबोल्टने संगणकाच्या आतल्या स्लॉटची वाटच केबलीतून बाहेर काढली, आणि बाहेर स्लॉट असलेले डबे पुन्हा टेबलावर आले, १९८३ च्या त्या ५१६१ सारखे.

आता लॅपटॉपच्या आतल्या नव्या डिस्क एनव्हीएमई नावाची वेगळी भाषा बोलतात, आणि फ्लॅशच्या वेगाला ती अधिक साजेशी आहे हे मान्य करायला हवं. पण तीच डिस्क तळहाताएवढ्या यूएसबी डब्यात घालून बाहेरून जोडली की संगणक तिच्याशी स्कझीत बोलतो, आणि डब्यातली एक चिप ते तिला एनव्हीएमईत समजावून सांगते. एकेकाळी संगणकाच्या स्लॉटमध्ये बसलेला दुभाषा आता केबलीच्या दुसऱ्या टोकाला राहायला गेला आहे. आणि २०१५ पासून मोबाइल फोनमध्ये यूएफएस नावाची साठवण येऊ लागली, तिच्यातला वाचण्याचा आदेश उघडून पाहिला तर तो १९८० च्या दशकातल्या त्या समितीने मंजूर केलेला दहा बाइटांचा आदेशच निघतो.